उपरण्याखालचा भाव

एकदा एक ओतारी सात दिवसांच्या बैलबाजाराला दोनशे घंटा घेऊन गेला आणि तिसऱ्या दिवशी मावळतीला त्याने मोजल्या, तर दोनशे एक भरल्या.

यात चमत्कार काही नव्हता. तीन दिवसांत त्याची एकही घंटा खपली नव्हती आणि गेल्या वर्षी त्याच्या वडिलांकडून घेतलेली एक घंटा एक शेतकरी परत आणून ठेवून गेला होता. घंटा फुटली नव्हती, चिरली नव्हती, वर्षभर इमानाने वाजली होती. कारण विचारले, तर शेतकरी म्हणाला, "वाजती झ्याक. पण तू दोन रुपयाला वरडून वरडून इकाय लागलास, तवा म्हनलं कायतरी खोड असल. उद्या बैलाला काय झालं तर कुनाला इचारू?" एवढे बोलून तो पैसेही न मागता निघून गेला. पैसे मागितले असते, तर ओताऱ्याला निदान भांडता तरी आले असते.

या ओताऱ्याचे नाव भुजंग. हाताचा कुशल, मनाचा संशयी. दुधात पाणी आहे की नाही हे ठरवण्यासाठी तो गोठ्यात जाऊन म्हैस किती पाणी पिते ते आधी पाहत असे. आरशासमोर उभा राहिला की मध्येच झटकन मान वळवी, आतला गडी वेळेवर वळतो की नाही ते पाहायला. त्याचे वडील मात्र भल्या विश्वासाचे गृहस्थ. त्यांची घंटा डोंगरापलीकडे वाजली तरी अलीकडची गाय पान्हा सोडते, असे गावात सांगत. सांगणाऱ्याच्या घरी गाय नव्हती, एवढे सोडले तर त्या बोलण्यात उणे काढण्यासारखे काही नव्हते.

वडील आषाढात वारले आणि भट्टी भुजंगाकडे आली. भट्टीवर दोन जुने कारागीर होते. त्यांनी स्पष्टच सांगितले होते, की बाजार होईपर्यंत थांबतो. घंटा खपल्या तर पुन्हा साचे करू, नाही तर दुसऱ्या गावी भांडी ओतायला जाऊ. भट्टी एकदा विझली, की भुजंगासाठी एकच वाट उरत होती. सासऱ्याचे कापडाचे दुकान होते आणि त्याने गादीवर जावयाची जागा आधीच झाडून ठेवली होती. बाजाराच्या सातव्या दिवशी तो स्वतः गाडी घेऊन येणार होता. माल खपला नसेल तर जावयाला तिथूनच घेऊन जायचे, असे ठरले होते. घरजावई होण्यापेक्षा तापल्या मुशीत उडी घ्यावी, असे भुजंगाला वाटे. पण मूस लहान होती.

बरे, भुजंगाने विचार केला नव्हता असेही नाही. उलट फारच केला होता. वडील वापरत त्याहून शुद्ध तांबे आणि उंची कथील आणून त्याने कांसे ओतले. वडिलांना एका घंटेचे सहा रुपये मिळत. त्याने दोनच ठेवले, नफा पुढच्या वर्षी पाहू म्हणून. वडील बाजाराच्या एका कोपऱ्यात बसत. त्याने जत्रेच्या तोंडाशीच पाल टाकले, एका बाजूला कासार, दुसऱ्या बाजूला जिलेबीवाला, जिथे इतकी दाटी असे की डास चावायला आला तर त्यालाही रांगेत उभे राहावे लागे. आणि वडील तोंड मिटून बसत, म्हणून त्याने एक हलगीवाला आणि एक गळेकाढू माणूस रोजावर ठेवला. दिवसभर ओरडा चाले, "कांशाची घंटा दोन रुपये, दोन रुपये, दोन रुपये." उत्तम माल, कमी मोल, भर गर्दीची जागा आणि गगनभेदी जाहिरात. एकेक गोष्ट सुटी पाहिली तर तिला नाव ठेवायला जागा नव्हती.

आणि तरी दोनशे एक.

भुजंगाने मग संशयाचे दप्तर उघडले. बाजाराच्या मधोमध पिराजीशेठ नावाचा व्यापारी पत्र्यासारख्या पातळ पितळी घंटा तीन-तीन रुपयांना विकत होता. त्यानेच काही वावडी उठवली असणार. हलगीवाला त्याला फितूर असणार, कारण तो मधूनमधून टिपरी चुकवत होता. गळेकाढूचा गळा बसला होता. तोही नेमका कसा बसला? जिलेबीवाला सकाळी हसला होता. तो का हसला?

बाजाराच्या कडेला एका जुन्या समाधीपाशी एक वृद्ध राहत असे. चाळीस वर्षे त्याने बैलांची दलाली केली होती आणि आता समाधीची झाडलोट करी. सगळे त्याला बाबा म्हणत. बैलाचे वय लोक बैलाचे दात पाहून सांगतात. बाबा मालकाचे दात पाहून सांगत, अशी त्यांची ख्याती. त्या बाजारात भाव कधी तोंडाने बोलत नसत. विकणारा आणि घेणारा हात हातात देत, वर उपरणे टाकत, आणि आतल्या आत बोटे दाबून सौदा करत; आकडा पाचापुढचा असला तर आधी पंजा दाबत, मग उरलेली बोटे. बाजूच्याला आकडा कळत नसे, फक्त दोघांच्या भुवयांची हालचाल दिसे. या विद्येत बाबांचा हात धरणारा कुणी नव्हता.

भुजंग त्यांच्यापुढे जाऊन बसला आणि सगळी कहाणी सांगितली. बाबांनी ती डोळे मिटून ऐकली. मग म्हणाले, शिकवतो, पण दोन अटी. सांगेन ते करायचे आणि तीन प्रहर कारण विचारायचे नाही. भुजंगाने गुरुदक्षिणेचे विचारले, तर बाबांनी हात झटकला. काही नको. फुकट.

फुकट हा शब्द भुजंगाच्या पोटात खड्यासारखा पडला.

चौथ्या दिवशी बाबांनी त्याला पालाचा पडदा पाडायला लावला, हलगीवाल्याला रोज देऊन वाटेला लावले आणि दोनशेंतली सर्वांत सुरेल घंटा मागून घेतली. आणि त्याची स्तुती आरंभली. असा शिष्य चाळीस वर्षांत पाहिला नाही. तुझ्या बापापेक्षा तुझा हात सरस. तुझ्या डोळ्यांतच लक्ष्मी दिसते. स्तुतीच्या प्रत्येक वाक्यागणिक भुजंग अर्धी वीत मागे सरकत होता. शेवटी बाबा म्हणाले, "आता ऊन उतरेपर्यंत मी समाधीपुढे जपाला बसतो. तेवढ्यात इकडे फिरकू नकोस. मन विचलित होतं."

जो माणूस म्हशीचे पाणी मोजतो, तो अशा वेळी पालात बसून राहील हे संभवत नव्हते. दुपारी भुजंग समाधीपाशी गेला. समाधी होती, दिवा होता, जप करणारा नव्हता. मग बाजार पालथा घालत तो एका गाडीच्या चाकाआड उभा राहिला आणि समोर पाहू लागला. पिराजीशेठच्या पालात, पिराजीच्याच गादीवर, पिराजीच्याच शेंगा आणि गूळ खात बाबा बसले होते. घंटा पिराजीच्या मांडीवर होती. आणि दोघांच्या हातांवर उपरणे होते.

पिराजीने तोंड वाकडे केले. बाबांनी मान हलवली. उपरण्याखाली काहीतरी दाबले गेले. बाबा हसले.

पाचव्या दिवशी सकाळी भुजंग पालाचे बांबू उपटत होता, तेव्हा बाबा आले आणि खुशाल एका पेटीवर बसले. भुजंगाने त्यांच्याकडे पाहिलेही नाही.

"बोल की," बाबा म्हणाले. "तीन प्रहर कधीच संपले."

"काय बोलायचं? किती घेतले पिराजीकडून?"

"कशाचे?"

"मला बुडवायचे."

"ते सांगतो मागनं. आधी तू सांग, मी चोर हे कशावरून ठरवलंस? उपरण्याखालचं दिसलं तुला?"

"दिसत नाही म्हणूनच तर उपरणं असतं," भुजंग म्हणाला आणि मग त्याचा बांध फुटला. "फुकट शिकवतो म्हणालात तिथंच मला कळायला हवं होतं. चाळीस वर्षांची विद्या कोण फुकट देतो, बाबा? जपाला बसतो म्हणालात आणि बसलात कुठं, तर वैऱ्याच्या गादीवर. आणि वर ती स्तुती. अहो, मला माझी बायकोसुद्धा एका दमात एवढं चांगलं म्हणत नाही."

"माझ्या विद्येत खोट आहे का?"

"विद्येला कोण नाव ठेवतंय?"

"बरं. म्हणजे माल चोख." बाबांनी पेटीवर मांडी ठोकली. त्यांचा आवाज आता निराळा झाला होता. त्यात चेष्टा उरली नव्हती. "ऐक, भुजंगा. माल चोख, पण मोल फुकट. जागा वैऱ्याची. बोलणं गुळाचं. मी तुझ्यापुढे चार साक्षीदार उभे केले आणि चौघांची चार तोंडं ठेवली. मुद्दाम ठेवली. चार साक्षीदार चार गोष्टी सांगायला लागले, की ऐकणारा कुठली खरी ते शोधत बसत नाही. तो म्हणतो, यात काहीतरी लबाडी आहे. तूही तेच म्हणालास. आणि एकदा असा निकाल झाला, की शिक्षा नेहमी मालाला होते. बिचाऱ्या मालाचा काही गुन्हा नसतो."

भुजंगाच्या हातात अर्धा उपटलेला बांबू तसाच राहिला.

"आता तुझं पाल बघ. कांसं सांगतं, मी तीस वर्षं वाजेन. दोन रुपये सांगतात, मी पोळ्यापर्यंत टिकले तर नशीब. बांगड्या-जिलेबीतली जागा सांगते, मी पोरांचं खेळणं. आणि हलगी सांगते, मालकाला घाई आहे, काहीतरी गळ्यात मारून पळायचंय. ज्या बाजारात शंभराचा बैल घेताना माणूस ओठ हलवत नाही, तिथं तू त्याच्या घंटेचा भाव सगळ्या जत्रेला ऐकवलास. तो शेतकरी वर्षभर वाजलेली घंटा परत देऊन गेला, तो काय खुळा होता? त्यानं तुझ्याबद्दल तेच केलं, जे तू काल माझ्याबद्दल केलंस."

"म्हणजे हलगी लावली ती चूक," भुजंग हळूच म्हणाला.

"हलगीनं काय पाप केलंय? शेळ्यांच्या बाजारात जा. तिथं सगळे बोंबलून भाव करतात. गप्प बसलेल्या माणसाचाच तिथं संशय येतो. तिथं लहानशी घंटा ने, दोन रुपये सांग, भर गर्दीत बस आणि हलग्या दोन लाव. कुणी काही विचारणार नाही. माल, मोल, जागा, बोलणं, यातलं एकटं काहीच चांगलं नसतं आणि एकटं काहीच वाईट नसतं. गिऱ्हाईक कोण ते आधी ठरव. मग चौघांना त्याच्यापुढे उभं कर आणि एकच गोष्ट सांगायला लाव. एवढीच विद्या. चाळीस वर्षं लागली मला."

"आणि पिराजीच्या पालात काय चाललं होतं?"

"भाव. तुझी घंटा त्याला दाखवली, कुणाची ते न सांगता. तोंडानं म्हणाला, 'बाबा, हे कांसं आहे का कुंभाराचं खापर?' आणि बोटांनी सात दाबले." बाबांनी कनवटीजवळच्या फडक्यातून घंटा काढून भुजंगापुढे ठेवली. "दिली नाही. तुझा माल तुझ्यापाशी."

सात. भुजंगाच्या मनात पहिली गोष्ट आली ती हीच, की उपरण्याखाली कुणी पाहिले? दुसरी गोष्ट अशी आली, की घंटा तर परत आली आहे. त्या दोन विचारांची बराच वेळ झोंबाझोंबी चालली होती. शेवटी त्याने हात जोडले आणि आता काय करू ते विचारले. बाबांनी सांगितले नाही. उलट प्रश्न केला, की बैल विकत घेतलेला माणूस सगळ्यांत आधी काय करतो? भुजंगाला माहीत नव्हते. बाजारात तो पाच दिवस होता, पण त्याने बैलाकडे पाहिले असेल तर मागे सारण्यासाठीच.

"मग जा आणि बघ," बाबा म्हणाले. "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. तुला जमणारही नाही."

तो पाचवा दिवस भुजंगाने रिकाम्या हाताने काढला. त्याने पाहिले ते असे. सौदा झाला, की विकणारा आपल्या बैलाला कुंकू लावी, त्याच्या पाठीवरून हात फिरवी, आणि मग त्याच्या गळ्यातली घंटा आणि दावे सोडून स्वतःच्या खांद्यावर टाकी. बैल द्यायचा, घंटा द्यायची नाही, ती घराण्याची. ही रीत त्या बाजारात कुणी मोडत नसे. घेणारा सुंभाची साधी दोरी बांधून बैल नदीच्या उताराकडे नेई, कारण पलीकडच्या काटेरी रानातून सगळ्यांच्या घरच्या वाटा जात. एका शेतकऱ्याला भुजंगाने उतारावर थांबलेले पाहिले. तो नव्या बैलाच्या मोकळ्या गळ्याशी हात नेई, परत घेई, पुन्हा नेई. घरातून निघताना काहीतरी विसरल्यासारखे त्याला वाटत होते. पितळी घंटा विकणारा पिराजी तेव्हा अर्ध्या कोसावर, बाजाराच्या मध्यावर होता.

भुजंग पालावर आला आणि दिवस मावळेपर्यंत घंटा वाजवत बसला. एक घेई, कानाशी नेई, दुसरी घेई, जुळली तर दोरीत ओवून बाजूला ठेवी. एक थोडी खर्जातली, एक वरची, अशा त्याने जोड्या लावल्या. रानात बैल चुकले, तर कुठला डावा आणि कुठला उजवा हे धन्याला कानाने कळावे. शुद्ध तांब्याचा सूर असा स्वच्छ वेगळा उमटतो, हा उपयोग कांसे ओतताना त्याच्या ध्यानातच आला नव्हता. तेव्हा तो फक्त कांसे शुद्ध आहे हे सांगण्याच्या तयारीत होता.

सहाव्या दिवशी सकाळी तो नदीच्या उतारावर, एका खडकापाशी जाऊन बसला. पाल नाही, फलक नाही. खांद्यावर धुतलेले उपरणे. तरी बाबांनी पिराजीशी संगनमत करून आपल्याला बाजारातून हुसकून रानाच्या काठावर तर आणून बसवले नाही ना, हा विचार त्याने किमान सतरा वेळा केला.

पहिला आला तो एक उंच, सुरकुतलेला शेतकरी, दोन पांढऱ्या खोंडांना घेऊन. भुजंग उठला, एक शब्द न बोलता त्याने एक जोडी दोन्ही खोंडांच्या गळ्यांत बांधली आणि बाजूला झाला. कांशाबद्दल सांगायचे त्याच्या अगदी ओठांवर आले होते. ते त्याने गिळले. खोंड दहा पावले चालले. खर्ज, वरचा, खर्ज, वरचा. शेतकरी थांबला. त्याने खोंडांना थांबवले, पुन्हा चालवले, मान कलती करून ऐकले. मग मागे फिरून आला आणि आपला हात पुढे केला.

भुजंगाने उपरणे टाकले. आतून त्या खरबरीत हाताने चार बोटे दाबली. भुजंगाने सात दाबली. हात थोडा वेळ थांबला. मग सहा. भुजंगाला वाटले होते की आता विचारणा होईल, यात काय मिसळले आहे, एवढी चांगली असून का विकतोस, उद्या काही झाले तर कुठे गाठायचे. काहीच झाले नाही. शेतकऱ्याने एकेका घंटेचे सहा रुपये दिले, खोंडांना पाण्यात घातले आणि पलीकडच्या काठावर गेल्यावरही बराच वेळ त्या दोन घंटा ऐकू येत राहिल्या. त्याच्या मागून येणाऱ्या तिघांनी त्या ऐकल्या होत्या. तिघेही खडकापाशी थांबले.

आपल्याला कुणी काही विचारले नाही, ही गोष्ट भुजंगाला इतकी नवी होती की त्याला आधी तिचाच संशय आला. दुपारपर्यंत तो संशय गेला.

सातव्या दिवशी उन्हे कलायला लागली तेव्हा उतारावर कापडाचे गठ्ठे न्यायची एक गाडी येऊन थांबली आणि तिच्यातून त्याचा सासरा उतरला. त्याने आल्या-आल्या खडकामागची पेटी पाहिली. तीत अकरा घंटा होत्या.

"बाकीच्या कुठं लपवल्यास?" त्याने विचारले.

"विकल्या, मामा."

"केवढ्याला? फुकट वाटल्या असशील. नाही तर कुणाच्या गळ्यात मारल्यास ते तरी सांग, म्हणजे परत जाताना ती वाट टाळू."

भुजंगाचे तोंड उघडले. चार भाग तांबे, एक भाग कथील, सुरांच्या जोड्या, पिराजीची सात बोटे, सगळे एका दमात बाहेर पडणार होते. त्याने तोंड मिटले. पेटीतून एक जोडी उचलली आणि सासऱ्याच्या गाडीच्या बैलांच्या गळ्यांत बांधली. मग चाबकाला हात न लावता त्याने गाडी दहा पावले पुढे नेली आणि थांबवली.

सासरा बैलांच्या मागोमाग चालत आला. कापडाचा पोत दोन बोटांत धरून सांगणारा तो माणूस. त्याला आणखी काही सांगावे लागले नाही. त्याने नुसते विचारले, "ह्या काढून ठेवणार आहेस का?"

"राहू द्या. पण गाडी जाताना आमच्या गावावरनं घ्या. भट्टीवर दोघं थांबलेत. त्यांना म्हणावं, साचे मळायला घ्या."

सासऱ्याने हुंकार दिला, गाडीत मागच्या बाजूला जावयासाठी अंथरलेली सतरंजी गुंडाळली आणि एकटाच चढून बसला. गाडी नदीत उतरली. भुजंग काठावर उभा राहून ऐकत राहिला आणि त्याच्या ध्यानात आले, की इतकी वर्षे आपण घंटा ओतल्या, पण दुसऱ्याच्या दाराशी जाणाऱ्या घंटेचा आवाज आज पहिल्यांदा कान देऊन ऐकतो आहोत.

व्यापार मांडणाऱ्याने आपला माल, मोल, जागा आणि बोलणे यांना आधी गिऱ्हाइकाच्या कानांनी ऐकावे. तिथे चौघांचा एकच सूर लागला, तरच बाजारात जावे.